सात मीटरच्या शिडाच्या होडीवर दिशादर्शनाची कोणती उपकरणं घ्यावीत आणि ती कुठं बसवावीत?

सात मीटरची जुनी फायबरग्लासची होडी, टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) चालणारी, आणि कॉकपिटकडच्या (मागच्या उघड्या बसायच्या जागेकडच्या) केबिनच्या भिंतीवर आधीच्या मालकाने पाडून ठेवलेली दोन गोल भोकं. त्यांत वाऱ्याचं यंत्र आणि चार्टप्लॉटर (नकाशावर होडीची जागा दाखवणारा पडदा) बसवू का, असं तुम्ही विचारलंय. ती भोकं दुसऱ्या कुणी त्याच्या यंत्रांसाठी पाडली होती, त्यांच्या मापाने तुमची खरेदी ठरवू नका. दोन्ही भोकं झाकली जातील एवढी ॲक्रिलिकची किंवा चांगल्या प्लायची फळी कापा आणि कडेने स्क्रू मारून बसवा. पुढे जे काही लावायचं ते त्या फळीत. यंत्र बदललं तर फळी बदलेल, होडीला पुन्हा करवत लागणार नाही.

फळीला भोक पाडायच्या आधीही टिलर धरून बसा. चाक असलेल्या होडीवर माणूस मधोमध, तोंड पुढे करून उभा असतो. टिलरवर तसं नसतं. आपण वाऱ्याच्या बाजूच्या बाकावर आडवे बसतो, मान वळवून पुढे बघतो आणि टॅक केला, म्हणजे नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवलं, की समोरच्या बाकावर जातो. म्हणजे प्रत्येक यंत्र दोन्ही बाकांवरून, तिरकं वाचता आलं पाहिजे. पुठ्ठ्याचे खऱ्या मापाचे तुकडे कापा, त्यांवर मोठे आकडे लिहा, चिकटपट्टीने लावा आणि चार-पाच वेळा होडी घेऊन बाहेर जा. भिंतीला पाठ टेकून बसणारा सोबती काय काय झाकतो, शिडाचा दोर कुठं घासतो, विंचचा (दोर ओढायच्या चाकाचा) हँडल कुठं आपटतो, हे त्यातच कळतं. माझ्याकडे भिंतीची उजवी बाजू सोबत्याच्या पाठीमागे कायम लपलेली असायची. केबिनच्या दारावरची अरुंद पट्टी मात्र दोन्ही बाकांवरून दिसायची. तुमची जागा वेगळी निघेल, पण ती अशीच शोधावी लागेल.

काय घ्यायचं, तर आधी होकायंत्र आणि खोली मोजणारं यंत्र. लहान होडी किनाऱ्याजवळ फिरते, आणि तिथं सर्वांत आधी लागणारं उत्तर म्हणजे होडीखाली किती पाणी आहे. दुसरं उत्तर म्हणजे होडीचं नाक कोणत्या दिशेला आहे. बाकी सगळं त्यानंतर.

होकायंत्रावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चुकीच्या जागी बसवलेलं होकायंत्र खोटं बोलतं आणि पाहणाऱ्याला ते कळत नाही. माझं होकायंत्र भिंतीवर डाव्या बाजूला होतं. भिंतीच्या आतून, त्याच्या मागे चार बोटांवर, मी हातातला रेडिओ अडकवायला हूक लावला होता. एकदा परत येताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून आत शिरत होतो. नकाशावर त्या रेषेची दिशा छापलेली होती आणि तबकडी तिच्यापासून १८ अंश दूर होती. मी चक्रावून बघत असतानाच सोबत्याने आत जाऊन रेडिओ उचलला आणि माझ्या डोळ्यांसमोर तबकडी फिरून जागेवर आली. स्पीकरमधलं चुंबक! रेडिओ हुकावर असला की चूक, हातात घेतला की बरोबर. चूक कायमची असती तर केव्हाच सापडली असती. ही ये-जा करत होती. १८ अंशांची चूक म्हणजे तीन सागरी मैल गेल्यावर आपण जवळजवळ एक मैल बाजूला असतो.

म्हणून भोक पाडण्याआधी हातातलं होकायंत्र नेमकं त्या जागी धरा आणि सोबत्याला एकेक गोष्ट सुरू करायला सांगा: दिवे, रेडिओ, पंप, ऑटोपायलट. काटा हलला की कारण शोधा. भिंतीच्या मागची बाजूही बघा. तिथं पत्र्याच्या डब्यांचा कप्पा असेल तर आज रिकामा आहे, उद्या नसेल. एकदिश प्रवाहाच्या तारेभोवती चुंबकी क्षेत्र तयार होतं, त्यामुळे जवळून जाणाऱ्या येत्या-जात्या तारा एकमेकींना पीळ घालून न्या, म्हणजे दोघींचा परिणाम एकमेकींना मारतो. होकायंत्राच्या स्वतःच्या दिव्याच्या तारांनाही हेच लागू आहे. खिशातला मोबाइलही भिंतीला टेकून बसल्यावर जवळ येतो.

घेताना बघा की होडी ३० अंश कलली तरी तबकडी मोकळी फिरते का. आडवं बसणाऱ्यासाठी काही होकायंत्रांवर मुख्य रेषेच्या (जिच्यासमोर दिशा वाचतात तिच्या) दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर जादा रेषा असतात. टिलरवर त्यांचा मोठा उपयोग होतो. लांबच्या अक्षांशावरून आलेलं जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तरी जपून: पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र ध्रुवांकडे खाली झुकत जातं, म्हणून तबकडीचा तोल ठराविक पट्ट्यासाठी साधलेला असतो. दुसऱ्या पट्ट्यात ती एका बाजूला कलते आणि अडखळते. बसवताना मुख्य रेषा कीलला (तळाखालच्या पंखासारख्या भागाला) समांतर हवी. केबिनची भिंत कीलला काटकोनात असेलच असं नाही, तेव्हा होडीच्या मध्यरेषेवर दोरा ताणून तपासा.

मग शांत पाण्यात, इंजिनवर, सावकाश पूर्ण गोल फिरा आणि दर ४५ अंशांवर होकायंत्राचा आकडा त्या दिशेच्या बरोबर चुंबकी आकड्याशी ताडून लिहा. एका रेषेतल्या दोन खुणा उत्तम. प्रवाह आणि वारा नसेल तर सरळ चालत असताना जीपीएसची दिशाही चालते. हा फरक म्हणजे तुमच्या होडीचं विचलन. ते प्रत्येक दिशेला वेगळं असतं. नकाशावर दिलेला चुंबकी दिक्पात (खरी उत्तर दिशा आणि चुंबकी उत्तर दिशा यांतला फरक) ही वेगळी गोष्ट, त्याची बेरीज-वजाबाकी स्वतंत्र. जीपीएस दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजतंय की चुंबकी उत्तरेपासून, हे आधी पाहून घ्या, नाहीतर दोन्ही फरक एकमेकांत मिसळतात.

आता खोली. यंत्राचा ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली पाठवतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे तळ ट्रान्सड्यूसरखाली तीन मीटरवर असेल तर उत्तर सुमारे चार मिलिसेकंदांत परत येतं. तळाचं फायबरग्लास एकसंध असेल तर ट्रान्सड्यूसर आतूनच चिकटवता येतो, बाहेर भोक नको. माझी पसंती यालाच. मात्र मध्ये फोम किंवा बाल्सा भरलेला सँडविच तळ असेल तर ध्वनी त्यातच विरतो. चिकटवण्याआधी एक सोपी चाचणी करा: प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, त्यात ट्रान्सड्यूसर ठेवा, पिशवी आतून तळाला दाबून धरा आणि शिसं बांधलेली दोरी बाहेर सोडून आकडे ताडून बघा. वेगवेगळ्या जागी करून बघा. नंतर निवडलेली जागा घासून स्वच्छ करा आणि इपॉक्सीत बसवताना एकही बुडबुडा राहू देऊ नका, कारण हवेचा पातळ थरसुद्धा ध्वनी अडवतो. जागा कीलच्या जरा पुढे, जिथं होडी कलली तरी तळ पाण्यातच राहतो. आणि ट्रान्सड्यूसरचं तोंड शक्य तितकं सरळ खाली.

मोजमाप कुठून धरायचं हे यंत्रात भरावं लागतं: पाण्याच्या पृष्ठापासून, की कीलच्या तळापासून. मी पृष्ठापासून धरतो. नकाशावरची खोली अधिक त्या वेळची भरतीची उंची, ही बेरीज थेट माझ्या आकड्याशी जुळवता येते आणि जुळली नाही तर मी समजतो तिथं नाही, हे कळतं. तुम्ही काहीही निवडा, पण यंत्राच्या शेजारी ते लिहून चिकटवा. टिलर दुसऱ्याच्या हाती असताना ‘दीड मीटर’ म्हणजे कीलखाली दीड की एकूण दीड, हा प्रश्न पडायला नको.

वेग मोजणाऱ्या लहान चाकासाठी सहसा भोक पाडावं लागतं, आणि त्यावर शेवाळ व शिंपले चढतात. साफ करायला चाक बाहेर ओढलं की पाण्याचा जोरदार फवारा आत येतो, म्हणून बुच हातात घेऊनच ओढा आणि बुच जवळच दोरीला बांधलेलं असू द्या. चाक पाण्यातला वेग दाखवतं, जीपीएस जमिनीवरचा. दोन्ही एकत्र वाचले की प्रवाहाचा अंदाज येतो. प्रवाह जोरदार असलेल्या भागात हे फार मोलाचं. नसेल तर पहिल्या वर्षी चाक नको.

चार्टप्लॉटर भिंतीत पुरू नका. केबिनच्या दाराच्या चौकटीला फिरता हात लावा आणि त्यावर तो बसवा: बाहेर वळवला की टिलरवरून दिसतो, आत वळवला की नकाशाच्या टेबलावरून, आणि पावसात आत राहतो. खरेदीआधी पोलराइज्ड चष्मा घालून पडदा आडवा-उभा बघा, काही पडदे एका कोनात पूर्ण काळे होतात. फायबरग्लासमधून जीपीएसचे संकेत येतात, त्यामुळे अँटेना आत असली तरी चालते. धातू किंवा कार्बन फायबरखाली मात्र नाही. वेगळी अँटेना असेल तर ती मागच्या कठड्यावर, खाली. डोलकाठीवर लावली तर काठीचा झोका वेग म्हणून मोजला जातो.

पडद्यावर झूम कमी केलं की लहान खडक आणि उथळ जागा गायब होऊ शकतात, हे मनावर कोरून ठेवा. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेसमधली टीम व्हेस्टास विंड ही होडी हिंदी महासागरात कार्गाडोस काराजोस या प्रवाळांच्या पट्ट्यावर चढली. यंत्रं उत्तम होती, खलाशी अनुभवी होते. नकाशा पुरेसा मोठा करून त्या जागेकडे पाहिलं गेलं नव्हतं. म्हणून निघण्याआधी पूर्ण मार्ग सर्वांत मोठ्या झूमवर बोटाने चालून बघा, आणि कागदी नकाशावर तासातासाला ठिकाण मांडा.

वाऱ्याचं यंत्र सात मीटरच्या होडीवर मी घेणार नाही. डोलकाठीच्या टोकावर साधी वातकुक्कुटासारखी पाती आणि आधाराच्या तारांना लोकरीचे धागे बांधा. गालावरचा वारा उरलेलं सांगतो. मोठ्या जहाजांच्या वाटेजवळ जाणार असाल तर ते पैसे एआयएसवर (आसपासच्या जहाजांची जागा आणि दिशा रेडिओने कळवणाऱ्या यंत्रावर) घाला. रेडिओ आणि एआयएसला एकच अँटेना वापरायची तर मध्ये त्यासाठीचाच स्प्लिटर हवा, साधा जोड दिला तर प्रक्षेपणाने दुसरं यंत्र जळू शकतं.

तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र फ्यूज, आणि यंत्रात शिरण्याआधी तारेला खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं आणि आत जात नाही. एनएमईए २००० ची (यंत्रं एकमेकांशी जोडायच्या ठरलेल्या पद्धतीची) जोडणी केलीत तर मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर लागतात. वीज बंद करून दोन डेटा-तारांमध्ये मोजलं तर ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर नाही.

डेक सँडविच असेल तर प्रत्येक स्क्रूचं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यात योग्य मापाचं भोक पाडा. एवढं केलं नाही तर पाणी बाल्सात मुरतं आणि दोन वर्षांनी डेक पायाखाली मऊ लागतो. यंत्रांच्या चौकटीखाली ब्युटाइलची पट्टी लावा. कायमचं धरणारं पॉलियुरेथेन नको, नंतर काढताना जेलकोटचा, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत, थरही सोबत येतो.

तुमच्या तळाला आधीचं पाण्याचं भोक असेल तर त्याची कड बघा: सलग फायबर दिसतंय की मध्ये फिकट लाकूड किंवा फोम? ते इथं लिहिलंत तर ट्रान्सड्यूसर आतून चिकटवावा की नाही, हे तुमच्या होडीपुरतं सांगू शकेन.