‘तू उठलास म्हणून कोहली गेला!’

‘मॅच हरली की मला दोन-दोन दिवस काही सुचत नाही. हे जरा अतीच होतंय का?’ मी समुपदेशन करते आणि क्रिकेटची मोठी स्पर्धा जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे हसत हसतच विचारतात, म्हणजे मी ‘छे हो’ म्हणून विषय मिटवावा. बहुतेक वेळा मीही तेच करते. ज्या संघात वर्षानुवर्षं जीव अडकलाय तो हरल्यावर वाईट वाटणं हा काही आजार नव्हे. एका गृहस्थांच्या बाबतीत मात्र विषय तिथे मिटला नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या तोंडावर ते पत्नीसह आले. पत्नीनं सरळच सांगितलं, ‘यंदा घरात मॅच लागणार असेल तर मी लेकाला घेऊन माहेरी जाते.’

मूळ होतं 19 नोव्हेंबर 2023 मध्ये. एकदिवसीय विश्वचषकात सलग दहा सामने जिंकून भारत अहमदाबादच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियासमोर उतरला होता. यांच्या घरचा नियम असा, की जोडी जमली की कुणी जागचं हलायचं नाही. कोहली आणि राहुल खेळत होते, चौकार आटले होते, पण विकेट पडत नव्हती. तेवढ्यात नऊ वर्षांचा मुलगा उठला. पडद्यावर कमिन्सचा चेंडू कोहलीच्या बॅटची आतली कड घेऊन स्टंपवर गेला. कोहली 54 वर बाद. वडील ओरडले, ‘तू उठलास म्हणून कोहली गेला!’

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भारत 240, ट्रॅव्हिस हेडचे 137, ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून विजयी. वडील ते वाक्य विसरूनही गेले. मुलगा नाही विसरला. डोळे भरलेला रोहित मैदानाबाहेर जाताना वारंवार दाखवत होते, ते बघून त्यानं आईला विचारलं, ‘तो माझ्यामुळे रडतोय का?’

सामना त्या रात्री संपला, टीव्हीवर मात्र संपला नाही. खेळपट्टी संथ होती का, दव पडलं म्हणून हरलो का, यावर तज्ज्ञ बोलत राहिले आणि हे गृहस्थ ऐकत राहिले. मधूनमधून तीच विकेट, तोच झेल, तेच चेहरे. वाहिन्यांना दोष देण्यात अर्थ नाही, लोक बघतात म्हणून ते दाखवतात. पण खपली धरू लागली की रोज कुणीतरी ती काढावी, तशातला हा प्रकार. त्यातला प्रत्येक रिप्ले घरातल्या मुलाला त्याचा ‘गुन्हा’ नव्यानं दाखवत होता.

मुलाशी मी वेगळी बोलले. तो क्षण त्याला सावकाश सांगायला लावला. तो म्हणाला, ‘शेजारून एकदम अरेरे असा आवाज आला. काय झालं ते बघायला मी उठलो. मग आमच्याकडे कोहली आऊट झाला.’

त्यांच्याकडे सामना इंटरनेटवरून लावलेला होता, शेजारी साध्या टीव्हीवर. ऑनलाइन प्रक्षेपण बहुधा टीव्हीच्याही काही सेकंद मागे चालतं. म्हणजे मुलगा उठला तेव्हा चेंडू स्टंपवर आदळून झाला होता! हे त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतलं. मग वडिलांना आत बोलावलं. हे त्याला वडिलांच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं, माझ्या नाही. त्यांना ते जड गेलं, पण सांगितलं.

अंधश्रद्धा म्हणून मी त्यांची टर उडवली नाही. स्टीव्ह वॉसारखा खेळाडू खिशात लाल रुमाल ठेवायचा, तिथे सोफ्यावरच्या माणसाला काय बोलणार? स्वतः हवं त्या खुर्चीत बसा, पण त्या नियमाला दुसऱ्या कुणाला बांधायचं नाही, एवढंच ठरलं. शेवटचा चेंडू पडला की टीव्ही बंद, चर्चा बघायची नाही, हेही ठरलं.

आणखी एक काम दिलं: 2023 ची ती स्पर्धा पहिल्या सामन्यापासून सांगायची. सुरुवात अडखळत झाली. मग चेन्नईत 2 धावांत 3 गडी गेले असताना कोहली-राहुलनं काढलेला सामना आठवला. वानखेडेवर कोहलीचं पन्नासावं एकदिवसीय शतक आणि त्याच उपांत्य सामन्यात शमीचे 57 धावांत 7 बळी सांगताना ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. अकरा सामने बघितलेल्या माणसाला फक्त अकरावाच आठवत होता.

जिथे सट्टा आहे, मारहाण आहे किंवा आठवडेच्या आठवडे झोप आणि कामावर जाणं सुटलंय, तिथे एवढ्यानं भागत नाही. तिथे नीट उपचार लागतात, आणि घरच्यांनी ‘क्रिकेटचं वेड’ म्हणून पांघरूण घालू नये.

29 जूनचा बार्बाडोसचा अंतिम सामना या घरात लागला. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हवे होते तेव्हा गृहस्थ स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले आणि मुलगा धावत जाऊन स्कोअर सांगत होता. आपण 7 धावांनी जिंकलो, त्यामुळे त्यांची परीक्षा झाली असं मी धरलं नाही. ती नोव्हेंबरमध्ये झाली. न्यूझीलंडनं कसोटी मालिका 3-0 नेली, वानखेडेवर जिंकायला हवे होते ते 147 सुद्धा आपल्याला झाले नाहीत. त्यांचा फोन आला: ‘टीव्ही बंद केला. चिडचिड झाली, पण स्वतःपुरती.’ पत्नीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. पण कुणावर ओरडले नाहीत.’