दार उघडलं, मुलीला कळलं : वाचकांचे प्रश्न

घरातल्या वस्तू इंटरनेटला जोडण्याबद्दल गेल्या अंकात लिहिलं आणि बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही. ज्यांचा प्रश्न इतरांनाही पडला असेल असं वाटलं, ती पत्रं निवडली आहेत. कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनल जोडण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. सेन्सर, रिले आणि वायरिंग हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तरंही त्याच हाताने लिहिते आहे.

वायफायचे बल्ब लावले. रोज संध्याकाळी त्यातला एक तरी ‘ऑफलाइन’ दाखवतो. माल खराब निघाला का?

बहुतेक नाही. भिंतीवरचं बटण कोणीतरी बंद करत असणार. बल्बच्या आतला रेडिओ त्याच विजेवर चालतो. बटण दाबलं की दिव्याबरोबर तोही बंद पडतो आणि मग अ‍ॅपला बल्ब सापडत नाही. खोलीतून निघताना बटण दाबायचं ही घरातल्या सगळ्यांची जुनी आणि चांगली सवय आहे, ती मोडायला लावू नका. त्यापेक्षा बल्ब साधे ठेवा आणि बटणाच्या मागे स्मार्ट रिले, म्हणजे फोनच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच, बसवून घ्या. मग दिवा हातानेही लागेल आणि फोननेही. बऱ्याच रिलेंना न्यूट्रलची, म्हणजे विजेच्या परतीची तार लागते आणि जुन्या घरांत ती बटणाच्या डब्यापर्यंत आणलेली नसते. म्हणून आधी इलेक्ट्रिशियनला डबा उघडून बघायला सांगा, रिले नंतर घ्या.

वडील ८१ वर्षांचे आहेत, एकटे राहतात. मी दुसऱ्या शहरात असते. घरात कॅमेरा लावू म्हटलं तर ते नको म्हणतात. भाऊ म्हणतो, न सांगता लावून टाकू. काय करावं?

न सांगता लावू नका. तांत्रिक अडचण आली तर तिच्यावर तोड निघते. पण आपल्याच घरात आपल्यावर पाळत ठेवली होती हे वडिलांना एकदा कळलं, तर त्यावर कुठलीच तोड नाही.

माझे बाबाही एकटे राहायचे. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी त्यांच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा बसवला. विचारून बसवला होता, ते ‘बरं’ म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर नुसती भिंत दिसायला लागली. स्टँड सैल झाला असेल म्हणून पाना घेऊन गेले, तर स्टँड घट्ट होता. बाबांनी कॅमेरा हाताने फिरवून ठेवला होता. म्हणाले, “अगं, मी बनियनवर बसलेला असतो. बसल्या बसल्या डोळा लागतो. ते कशाला बघायचं तू?” मी काही बोलले नाही. कॅमेरा काढला आणि बॅगेत टाकला.

परत येताना गाडीत विचार केला, की मला नेमकं काय हवं आहे? बाबा दिसायला हवेत असं नव्हतं. सकाळी ते उठले, एवढं कळलं तरी मला पुरणार होतं.

हा विचार करणारी मी पहिली नाही. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये ‘आय-पॉट’ नावाचा पाणी गरम ठेवणारा विजेचा पॉट आणला. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाने त्यातून पाणी घेतलं की नोंद व्हायची आणि दिवसातून दोनदा घरच्यांना ईमेल जायचा. त्यात फोटो नाही, आवाज नाही. आज पाणी घेतलं, इतकीच बातमी. ज्याने कोणी हे ठरवलं असेल त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

मी बाबांच्या न्हाणीघराच्या दाराला रीड स्विच लावला. बोटाच्या पेराएवढे दोन पांढरे तुकडे असतात. लहान तुकड्यात चुंबक असतो. मोठ्यात नखाएवढी काचेची नळी आणि तिच्यात लोखंड-निकेलच्या दोन पात्या, मधे केसभर फट. चुंबक जवळ असला की पात्या चिकटतात, दाराबरोबर लांब गेला की सुटतात. सगळं यंत्र एवढंच. मोठा तुकडा चौकटीवर, चुंबक दारावर आणि दार लावल्यावर दोघांत अर्धा सेंटिमीटर अंतर. चिकटपट्टी बाबांनीच अंगठ्याने दाबून धरली. मग त्यांनी दार उघडलं. चौकटीवर निळा ठिपका एकदा लुकलुकला आणि माझ्या हातातला फोन थरथरला. त्यांनी दार लावलं, परत उघडलं आणि मला विचारलं, “आता तिला कळलं का?” मी समोरच उभी होते. त्यांच्या डोक्यात होती ती तिकडे, दुसऱ्या गावात बसलेली मुलगी. मी म्हटलं, “हो, कळलं.”

असे बरेचसे सेन्सर झिगबी नावाच्या बिनतारी पद्धतीने बोलतात. तिचा वेग जास्तीत जास्त २५० किलोबिट प्रतिसेकंद, म्हणजे व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. पण ‘उघडलं’ एवढा एक शब्द पाठवायला तो भरपूर आहे. उरलेला वेळ सेन्सर झोपून असतो, म्हणून सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल त्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त पुरतो. मधे एक हब, म्हणजे सेन्सरचे निरोप घेऊन पुढे पाठवणारं छोटं यंत्र लागतं, ते राउटरला जोडायचं. राउटर आणि हब दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा, नाहीतर वीज गेली की सगळंच गप्प होतं.

आता या गप्प होण्याबद्दल. सेन्सर लावून दीड वर्ष झालं होतं. एका सकाळी दहा वाजून गेले तरी मेसेज नाही. फोन केला, उचलेनात. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवलेली होती, त्यांना पाठवलं. ती सात-आठ मिनिटं मी कशी काढली ते लिहीत नाही. बाबा मागच्या बाजूला झाडांना पाणी घालत होते. सेन्सरचा सेल संपला होता.

दार उघडलंच नाही आणि सेन्सरच बंद पडला, या दोन्ही गोष्टी अ‍ॅपवर सारख्याच दिसत होत्या. सव्वीस वर्षं पॅनल जोडणाऱ्या बाईच्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. कारखान्यात तुटलेली तार आणि उघडा स्विच यांतला फरक ओळखता येईल अशीच जोडणी आम्ही करतो. घरच्या कामात ते राहून गेलं. चांगले सेन्सर दार हललं नाही तरी ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा निरोप हबला पाठवतात. त्याला मी सेन्सरची खुशाली म्हणते. ती काही तास आली नाही, तर वेगळा मेसेज यावा अशी सोय अ‍ॅपमध्ये आहे का, हे घेण्याआधी बघा. नसेल तर दुसरा हब घ्या.

आणि वडिलांना विचारा, कुठलं दार ते. जागा त्यांनी ठरवू दे, नको वाटलं तर काढता कसं येईल तेही दाखवून ठेवा. दार उघडलं म्हणजे माणूस ठणठणीत आहे असं होत नाही, पडलं-झडलं तर हा सेन्सर काहीच सांगणार नाही. तेव्हा किल्लीवाले शेजारी हवेतच. संध्याकाळचा फोनही चालू ठेवा.

पाणी तापवायचा हीटर स्मार्ट प्लगवर लावला तर बाहेरून सुरू करता येईल का?

येईल, पण करू नका. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. प्लग १० अँपिअरचा असेल तर तो तासन्‌तास जवळजवळ काठावर चालणार. त्यात जोड जरा सैल असला तर प्लास्टिक तापतं. तापणारी वस्तू घरात माणूस असतानाच सुरू करावी. चुकून चालू राहिलेला हीटर बाहेरून बंद करण्यासाठी पुरेशा अँपिअरचा प्लग जरूर लावा.

माझ्या साध्या कॅमेऱ्यातून कोणी जगावर हल्ला करू शकतं, असं मुलगा सांगतो. घाबरवतोय का?

नाही, मुलगा खरं सांगतोय. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा प्रोग्राम पसरला. घरचे कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर तो शोधत फिरायचा. त्याच्याजवळ कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, ‘अ‍ॅडमिन’ला ‘अ‍ॅडमिन’ अशा. लाखो वस्तूंची कुलपं एवढ्यावर उघडली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या वस्तूंच्या फौजेने ‘डाइन’ कंपनीवर हल्ला केला. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणं हे त्या कंपनीचं काम, त्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट्स कित्येक लोकांना काही तास उघडेनात. मला यातली एक गोष्ट फार लागते. ज्यांच्या घरातले कॅमेरे यात वापरले गेले, त्यांतल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता. कॅमेरा नेहमीसारखाच चालत होता.

मिराई वस्तूच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा. कॅमेरा बंद करून सुरू केला की जायचा आणि पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत यायचा. तेव्हा पासवर्ड बदला, अपडेट आलं की घ्या. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कची सोय असेल तर अशा सगळ्या वस्तू त्यावर ठेवा, फोन आणि कॉम्प्युटर मुख्य नेटवर्कवर. सगळ्यांना सारखाच सोपा पासवर्ड देऊन वस्तू विकण्यावर ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंदी घातली आहे. हे खूप आधी व्हायला हवं होतं.

कंपनीने सेवा बंद केली तर वस्तू भंगारात जाणार का?

जाऊ शकते. ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचा हब होता. २०१४ मध्ये तो बनवणारी कंपनी नेस्ट या स्मार्ट वस्तूंच्या कंपनीने विकत घेतली आणि १५ मे २०१६ पासून हबची सेवा बंद झाली. आतला एकही भाग जळलेला नसताना लोकांच्या घरातले हब निकामी झाले. माझ्याकडेही असाच एक दिवा आहे, दुसऱ्या एका कंपनीचा. एलईडी उत्तम, पण रंग बदलायचा तर कंपनीचा सर्व्हर लागतो आणि सर्व्हर आता नाही.

वस्तू परत करण्याची मुदत असते तेवढ्यात तिची परीक्षा घ्या. राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा. वायफाय सुरू राहील, इंटरनेट जाईल. आता घरातल्या घरात फोनवरून दिवा लागतो का? लागला तर ठेवा. ‘मॅटर’ या मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. त्यात घरातल्या वस्तूंनी घरातल्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलायचं असतं, म्हणून डब्यावर ते चिन्ह बघा. शिकायची तयारी असेल तर ‘होम असिस्टंट’ हे २०१३ पासून वाढत आलेलं मोफत सॉफ्टवेअर छोट्या कॉम्प्युटरवर चालतं आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू एका जागी आणतं.

मी सतरा वर्षांची आहे. मला स्वतः एखादी वस्तू जोडायची आहे. पंख्यापासून सुरुवात करू का?

पंखा नको गं. त्यात घरची वीज आली, ती अजून तुझ्या हातात द्यायची नाही. आधी नुसती बघणारी वस्तू कर, काही चालू-बंद करणारी नंतर. इतिहासही तुझ्याच बाजूने आहे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी कोकच्या बाटल्या विकणारं मशीन नेटवर्कला जोडलं. लांबच्या खोलीतून चालत जावं आणि मशीन रिकामं निघावं, याचा त्यांना कंटाळा आला होता. बाटल्यांची एखादी रांग रिकामी झाली की मशीनवर तिचा दिवा लागायचा, ते दिवे त्यांनी कॉम्प्युटरला वाचायला दिले. बाटली ठेवून तीन तास झाले की कॉम्प्युटर तिला ‘गार’ म्हणायचा. १९९० मध्ये जॉन रॉमकी यांनी टोस्टर इंटरनेटवरून चालू-बंद करून दाखवला, पण ब्रेड हातानेच ठेवावा लागायचा.

तू कुंडीतल्या मातीचा ओलावा मोज. ईएसपी ८२६६ ही चिप असलेला, यूएसबीचा वायफाय बोर्ड घे. तो ३.३ व्होल्टचा आहे, त्याच्या पायांना ५ व्होल्ट देऊ नकोस. फोनचा चार्जर त्याला यूएसबीतूनच लावायचा, तिथून आलेले ५ व्होल्ट बोर्ड स्वतःच कमी करून घेतो. मातीत दोन पट्ट्या रोवायच्या आणि त्यांच्यामधून किती वीज जाते ते मोजायचं. वीज सतत चालू ठेवलीस तर काही दिवसांत एक पट्टी खाल्ली जाईल, मोजण्याच्या क्षणापुरतीच दे. आकडे पाठवायला एमक्यूटीटी ही निरोप पाठवण्याची पद्धत वापर. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहातून लक्ष ठेवण्यासाठी ते तयार केलं, म्हणून त्याचे निरोप अगदी आखूड असतात. त्यात ‘लास्ट विल’ म्हणजे मृत्युपत्राची सोय आहे. जोडणी होतानाच बोर्ड सर्व्हरला सांगून ठेवतो, की माझा संपर्क अचानक तुटला तर सगळ्यांना हा निरोप दे. वरच्या उत्तरातली खुशाली इथेही आहे: बोर्ड ती ठरावीक वेळाने सर्व्हरला कळवतो आणि ती आली नाही, की सर्व्हर मृत्युपत्र वाचून दाखवतो.

मृत्युपत्र लिहिल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला असं समजू नकोस. खुशालीची मुदत (तिथे तिला ‘कीप अलाइव्ह’ म्हणतात) ६० सेकंद ठेव आणि घड्याळ हातात घेऊन चार्जर ओढून काढ. त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंदांच्या आत निरोप यायला हवा. तुझ्याकडे किती वेळाने आला तो आकडा मला लिहून पाठव.