मूळ गाव गोव्यात: वाचकांची प्रश्नोत्तरे

पणजोबा गोव्याहून मुंबईत आले, एवढंच घरात ठाऊक आहे. कुलदैवत मंगेश. डिसेंबरात न्यू जर्सीहून दहा दिवस येतोय. मंगेशीपासूनच सुरुवात करू ना?

दर्शनाला जरूर जा, पण मंगेशीचं देऊळ ज्या गावात आहे ते प्रियोळ ‘मूळ गाव’ म्हणून लिहून मोकळे होऊ नका. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीचं. गोव्याच्या सासष्टीत देवळांवर गदा आली, तेव्हा 1560 मध्ये देव जुवारी नदीपलीकडे, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर अंत्रुज महालात (आजच्या फोंडा तालुक्यात) नेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली ती त्याच काळात. देवांमागून माणसंही पांगली: कोणी अंत्रुजात, कोणी कारवार-मंगळूरकडे, कोणी थेट कोचीला. तुमचं घराणं मुंबईला जाण्याआधी मध्येच कुठे दोन-तीनशे वर्षं नांदलं असेल, तर कागद त्या गावात सापडतील.

देवस्थानात महाजनांची, म्हणजे देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांची यादी असते. 1933 च्या देवस्थान कायद्याने ती ठेवणं बंधनकारक केलं. पण नुसतं ‘कामत’ किंवा ‘नायक’ सांगून तिथला कारकून काय करणार? गोत्र हवं, पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव हवं. ही नावं विमानात बसण्याआधीच मिळू शकतात. श्राद्धात तीन पिढ्यांचा उच्चार होतो, म्हणजे थोरल्या काकांकडे किंवा घरच्या भटजींकडे ती कुठेतरी लिहिलेली असणार. कोणी पूर्वज नाशिक-त्र्यंबकला गेले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत गावासकट नोंद सापडते.

आणि डिसेंबर नको. 3 तारखेचं जुन्या गोव्याचं सेंट झेवियरचं फेस्त, 19 चा मुक्तिदिन, मग नाताळ. कचेऱ्यांत माणूस भेटेना. जुलैत या. भिजाल, पण काम होईल.

मुलगा लिस्बनला असतो. यंदा तिकडे जाऊन घराण्याचे कागद पाहावेत म्हणते. (मडगाव)

मुलाला भेटायला जा. कागदांसाठी आधी पणजीची बस धरा. जन्म, लग्न, मृत्यू, जमीन, कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) ही घरगुती माणसांची दप्तरं बहुतांश इथेच आहेत, पुराभिलेख खात्यात आणि नोंदणी कचेऱ्यांत. पुराभिलेखाची परंपरा 1595 पासूनची. पहिला रक्षक दियोगु दु कौतु हा इतिहासकार. लिस्बनच्या जुंकैरा भागातल्या सागरपार अभिलेखागारात मुख्यतः सरकारी पत्रव्यवहार आहे: नेमणुका, अर्ज, तक्रारी. पूर्वज फौजेत किंवा सरकारी चाकरीत असतील तरच तो प्रवास सार्थकी लागेल. तिथल्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत गोंयकारांचे जे जन्म आढळतात, ते बहुतेक वंशजांनी नागरिकत्वासाठी इथून पाठवलेले. म्हणजे आपलाच कागद तिकडे जाऊन बघायचा!

पोर्तुगीज येत नाही. अडेल का?

भाषेपेक्षा नावं जास्त अडवतात. नोंदी साचेबद्ध असतात, वीस-पंचवीस शब्दांत भागतं. पण सूचीत शेणवी ‘सिनाय’ होतो, प्रभू ‘पोरोब’. ‘श’साठी रोमन एक्स वापरलेला असतो, त्यामुळे शंकर ‘एस’खाली शोधाल तर संध्याकाळपर्यंत सापडणार नाही. हिंदू घरांच्या जुन्या वह्या मात्र मोडी लिपीत असतात. त्यासाठी वाचक गाठावाच लागेल.

गावातल्या एका ख्रिस्ती घराशी आमचं मूळ एकच, असं आजी म्हणायची. त्यांच्याकडे जावं का? (पुणे)

आजीचं म्हणणं खरं असू शकतं. बाप्तिस्म्यानंतर आडनाव बदललं, तरी गावकरीतला (गावच्या मूळ घराण्यांच्या संस्थेतला) वांगड, म्हणजे कुळाचा गट, बदलत नसे. कुंकळ्ळीला बघा: तिथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली, पण बारा वांगडांचा मान आजही सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ख्रिस्ती गावकरही आपला वांगड सांगतात. म्हणून त्यांना आडनाव विचारू नका, वांगड विचारा.

जाताना एक पथ्य पाळा. बाहेरचा माणूस जुनी नावं विचारू लागला, की गोव्याच्या गावात पहिला संशय जमिनीचा येतो, आणि आजचे भाव पाहता तो रास्तच आहे. दारातच सांगून टाका की वाट्यासाठी आलेलो नाही. सोबत वकील नको, आणि सर्व्हे नंबरची चिठ्ठी तर मुळीच नको. घरातल्या म्हाताऱ्या बाईशी बोला, आजीचा फोटो दाखवा. वंशावळीचा कागद दुसऱ्या भेटीत काढा, तोही त्यांनी विचारला तर.