वाचक विचारतात : अर्ज मंजूर, मग पैसे कुठे अडले?

प्रश्न : मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला (बारावीला) सायन्सला आहे, पुढे इंजिनिअरिंग करायचं म्हणते. आमची चार एकर शेती, जात मराठा, म्हणजे कर्नाटकातल्या मागासवर्गीयांच्या थ्री-बी गटात. शेजारच्या मुलाची स्कॉलरशिप मंजूर होऊनही पैसे आले नाहीत. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : सुरुवात बँकेतून करा. खातं आधारला ‘लिंक’ आहे, एवढ्यावर थांबू नका. सरकारी पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत. एनपीसीआय, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट महामंडळ, त्याच्या यादीत आधारसमोर जी बँक असेल, तिथं जातात. मुलीच्या नावाचं खातं घ्या, बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे या यादीत नोंद करण्याचा, अर्ज द्या आणि आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. मंजूर पैसे अडकतात ते बहुधा इथंच. ते कुठल्या बँकेत गेले, हे राज्य सरकारच्या ‘डीबीटी कर्नाटक’ ॲपवर दिसतं.

दुसरी गोष्ट नावाची. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्कलिस्टवर आडनावाचं फक्त आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, जातीच्या दाखल्यावर कन्नडमधून आलेलं तिसरंच स्पेलिंग, हे आपल्या भागात घरोघरी. राज्याच्या स्कॉलरशिपचे अर्ज घेणारं एसएसपी पोर्टल हे सगळं ताडून बघतं. मार्कलिस्ट प्रमाण धरून आधार आत्ताच दुरुस्त करा. ऐन ॲडमिशनच्या गर्दीत ते होत नाही. जात-उत्पन्नाचा दाखला महसूल खात्याच्या नाडकचेरीतून घ्या, त्यावरचा आरडी नंबर अर्जात लागतो. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाच वर्षं, तेव्हा तारीख बघा.

शेतकऱ्यांच्या मुलांसाठी कर्नाटक सरकारची रयत विद्यानिधी ही स्कॉलरशिप आहे. २०२१ला योजना आली तेव्हा इंजिनिअरिंगच्या मुलींना वर्षाला ११,००० रुपये ठरले. त्याला पालकाचा एफआयडी, म्हणजे ‘फ्रूट्स’ या शेतकरी नोंदणीचा नंबर हवा. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वडिलांचा नंबर निघायला अडचण येते. आधी वारस नोंद करून घ्या, तिला वेळ लागतो.

रक्कम मोठी म्हणाल तर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची ‘प्रगती’ स्कॉलरशिप : वर्षाला ५०,०००, फक्त मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. अर्ज पहिल्याच वर्षी, केंद्राच्या एनएसपी या स्कॉलरशिप पोर्टलवर. कॉलेजनं ऑनलाइन पडताळणी केली नाही तर अर्ज तिथंच मरतो. ऑफिसात जाऊन विचारत राहा, लाजू नका.

कोल्हापूर-पुण्याकडं पाठवायचं मनात असेल, तर महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. मात्र कर्नाटकची प्रवेश परीक्षा केसीईटी तिथं चालत नाही, महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी वेगळी द्यावी लागते. तिचे अर्ज बारावीची परीक्षा होण्याआधीच सुरू होतात.