जैसलमेरला मुक्काम ठेवून दिवसाच्या सहली: वाळूशिवाय काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरहून डिसेंबरअखेर सहा जण निघताय, त्यात सत्तरीचे आई-वडील आणि दोन शाळकरी मुलं. जैसलमेर गावात तीन रात्री आहेत. किल्ला-हवेल्यांना एक सकाळ दिली तर उरलेल्या वेळात निसर्गातलं काय बघावं, आणि ट्रॅव्हल्सवाला म्हणतो तसे दोन दिवस सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर तंबूत काढावेत का?

दोन दिवस तंबूत काढू नका. वाळूच्या टेकड्यांना एक संध्याकाळ पुरते. जैसलमेरच्या आसपासचा बराचसा मुलूख वाळूचा नाहीच, तो खडकाळ माळ आणि गवत आहे, आणि बघण्यासारखं खरं तिथेच आहे. मुक्काम गावातच ठेवा, रोज संध्याकाळी परत या.

आधी वेळेचं गणित. हे गाव आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आणि उत्तरेला आहे, त्यामुळे डिसेंबरअखेर तिथे साडेसातच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या आसपास सूर्य मावळतो. कोल्हापूरच्या सवयीने सहाला आवरून बसलात तर बाहेर मिट्ट काळोख असतो. दुपारी पारा 24-25 पर्यंत जातो, पहाटे 7-8 पर्यंत उतरतो. वाळू आणि खडक झटकन निवतात, म्हणून सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरते. आई-वडिलांची कानटोपी आणि स्वेटर हॉटेलवर न ठेवता गाडीत ठेवा.

पहिल्या दिवशी आकलचं जीवाश्म उद्यान करा. बाडमेर रस्त्याला, गावापासून साधारण 17 किलोमीटर. 21 हेक्टरचा उघडा माळ आहे आणि त्यात दगड झालेली झाडांची खोडं पडली आहेत, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे दमट हवेतलं जंगल होतं. झाडं पडली, गाळाखाली पटकन गाडली गेली, हवा न लागल्यामुळे कुजली नाहीत आणि पाण्यातून आलेल्या सिलिकाने लाकडाची जागा हळूहळू घेतली. मोठ्या खोडांवर लोखंडी जाळी आणि पत्र्याचं छप्पर आहे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते पिंजरे वाटतात आणि दहा मिनिटांत लोक परत फिरतात. तसं करू नका. जाळीजवळ उकिडवं बसून बघा: सालीच्या भेगा आणि लाकडाचे उभे धागे स्पष्ट दिसतात. मुलांना सांगायला एक गोष्ट आहे. आपल्या पन्हाळ्याच्या पोटातला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे ही खोडं दगड होऊन पडली तेव्हा तो जन्मालाही यायचा होता. याच जिल्ह्यात सापडलेल्या लांब मानेच्या डायनासोरला 2023 मध्ये 'थारोसॉरस' असं नाव मिळालं, तो सुमारे 16 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा. आकलला सावली नाही, म्हणून साडेआठ ते दहा ही वेळ धरा. जमिनीवर बारीक तुकडे विखुरलेले दिसतात, त्यातला एकही खिशात घालू द्यायचा नाही. ते बेकायदा आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाने एक उचलला तर माळ रिकामा व्हायला वेळ लागणार नाही.

त्याच दिवशी दुपारी तीनला वाळूकडे निघा. सम पश्चिमेला 40-42 किलोमीटर, खुरी नैर्ऋत्येला जवळपास तेवढंच. सममध्ये टेकड्या मोठ्या आहेत, पण सुट्टीत जीप, डीजे आणि गर्दीही तेवढीच. खुरी शांत आहे, माझं मत खुरीला. टेकडी चढताना वाऱ्याच्या बाजूने चढा. तिकडचा उतार सौम्य असतो, वाळू दाबलेली असते. आडोशाच्या बाजूला उतार तीसेक अंशांचा, वाळू सुटी, तिथे एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं आणि वयस्कर माणूस चार पावलांत दमतो.

उंटाचं भाडं बसण्याआधीच ठरवा: किती वेळ, कुठपर्यंत, माणशी की उंटामागे. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराची पुढची मूठ घट्ट धरायची. कंबर किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आई-वडिलांना उंटगाडीत बसवा.

पायात काय घालायचं याचा विचार बहुतेकजण करत नाहीत. वाळूच्या कडेच्या गवतात भुरट नावाचं गवत असतं, त्याची काटेरी बोंडं मोजे, ओढणी, लोकरीचं कापड, जिथे मिळेल तिथे चिकटतात. बोटाने ओढलं तर बारीक कुसळं कातडीत घुसतात आणि दिवसभर ठणकतात. जुना कंगवा आणि चिमटा जवळ ठेवा. लोकरी मोजे नकोत, चपला नकोत, घोट्यापर्यंतचा गुळगुळीत कापडाचा बूट बरा.

गाडीबद्दल: भाड्याची साधी गाडी डांबर सोडून खाली उतरवू देऊ नका. कडेची वाळू घट्ट दिसते आणि चाक टेकताच बसते. बसलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक खोदत खाली जातं आणि गाडी बुडाला टेकते. सगळ्यांनी उतरायचं, चाकं सरळ करायची, इंजिन ज्या चाकांना ओढतं त्यांच्या पुढची वाळू हाताने काढायची, गाडीतल्या पायपोसण्या चाकाखाली सरकवायच्या आणि क्लच सावकाश सोडत, हिसका न देता बाहेर काढायची.

दुसरा दिवस राष्ट्रीय मरू उद्यानाला द्या. विस्तार 3162 चौरस किलोमीटर, पण बघायचा भाग सुदासरीचा, गावापासून साठेक किलोमीटर. वनखात्याची परवानगी लागते, ती आदल्या दिवशी आधारकार्डाच्या झेरॉक्स देऊन काढून ठेवा, म्हणजे सकाळ वाया जात नाही. अंधारातच निघा आणि उजाडताना तिथे असा. नऊ-दहानंतर जमिनीवरची हवा लहरायला लागते आणि दुर्बिणीतून सगळं थरथरतं दिसतं. बघायचाय तो माळढोक. मीटरभर उंच, नराचं वजन 15 किलोपर्यंत जातं. याच पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये झालं, आणि आता आपल्याकडे तो दिसणं जवळपास थांबलंय. देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास, बहुतेक याच जिल्ह्यात. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिवाय डोळे डोक्याच्या बाजूला असल्याने समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही, आणि एवढा जड पक्षी ऐनवेळी वळू शकत नाही. सेवण गवताच्या पट्ट्यात हळूहळू चालणारा तपकिरी आकार शोधा, पांढरी मान आधी दिसते. दिसला तर गाडीतून उतरायचं नाही, पाठलाग करायचा नाही, मोबाइलवर त्याचा आवाज लावायचा नाही. ड्रोन तर घरीच ठेवा, हा सीमेचा भाग आहे. नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं, गरुड यांतलं काही ना काही भेटतं.

परतताना कुलधरा आणि खाभा या पालीवालांच्या ओसाड गावांच्या बाजूने या, आणि तिथले खडीन, म्हणजे पावसाचं पाणी अडवून केलेली शेतं, चुकवू नका. ऊसपट्ट्यातल्या माणसाने हे बघितलंच पाहिजे. वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आतबाहेर, आपल्या गगनबावड्यात एवढा एखाद्या दिवसात पडतो. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून यावर उपाय केला तो असा: खडकाळ उतारावरचं पाणी जिथे वाहून येतं त्या सखल जागी खालच्या अंगाला लांबलचक मातीचा बांध घालायचा. बांधामागे पाणी पसरतं, जास्तीचं सांडव्यावरून जातं, साठलेलं जमिनीत मुरतं. पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, वरून एक पाणी न देता. पेरणीजोगा पाऊस झाला असेल तर डिसेंबरअखेर उघड्या माळात मधेच हिरवं शेत दिसतं. बांधावर चढून वरच्या बाजूला बघितलं की शेताच्या कितीतरी पट मोठा कोरडा खडक दिसतो. पाणी येतं ते सगळं तिथून. पिकात पाय टाकू नका, शेतं आजही कसली जातात.

पाणी माणशी तीन लिटर धरा, थंडीत तहान जाणवत नाही म्हणून लोक कमी पितात आणि दुपारी डोकं धरतं. मोबाइल-कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा, वाळूवर लेन्स बदलू नका.

तनोट-लोंगेवाला एका बाजूने 120 किलोमीटरच्या आसपास आहे. देवीचं दर्शन आणि युद्धाची जागा म्हणून जायचं असेल तर अख्खा दिवस मोजा, निसर्गासाठी म्हणून नको.

तिसऱ्या दिवशी जोधपूरला परतणार असाल तर फलोदीवरून जा आणि खीचनला थांबा. मध्य आशियाकडून येणारे कांड्या करकोचे, तिकडे कुरजां म्हणतात, सप्टेंबर ते मार्च हजारोंनी तिथे असतात. गावकरी त्यांना सकाळी चुग्गाघरात दाणे घालतात. ते बघायला जैसलमेरहून पहाटे चारला निघावं लागेल, कारण अंतर 160 किलोमीटरच्या वर आहे. आई-वडिलांना घेऊन तेवढा आटापिटा नको. साडेसातला निघून अकराच्या सुमारास पोचलात तर दाणे टिपून झालेले थवे गावाजवळच्या तळ्यावर पाण्याला उतरलेले सापडतात. काठापासून लांब उभे राहा, एक कुत्रा जरी धावला तरी अख्खा थवा उठतो.

माघ पौर्णिमेच्या आसपास तारखा सरकवायचा विचार असेल तर तेव्हा मरू महोत्सव असतो, खोल्या आणि गाड्या दोन्ही महाग होतात.