साखळी-करवतीचा अपघात, सही केलेला कागद आणि भरपाईचा हक्क

प्रश्न : मी झाडतोडीच्या टोळीत कटर मशीन चालवतो. वय ३५ पूर्ण. मजुरी टनावर मिळते, हजेरीपटावर नाव नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडलेल्या झाडाच्या फांद्या छाटताना पात्याचे टोक आतल्या फांदीला लागले, मशीन उसळले आणि डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी मुळापासून गेली. हातापुढचा गार्ड दोन महिने तुटलेला होता आणि ठेकेदाराला ते सांगितलेले होते. दवाखान्यात मात्र त्याने ‘घरी कोयता लागला’ असे लिहवून घेतले. नंतर चाळीस हजार रुपये देऊन ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ अशा कागदावर माझी सही घेतली. आता तो उचलीचे पंचवीस हजार मागतो आणि म्हणतो, गार्ड नसताना मशीन चालवलेस, चूक तुझीच. झाडे एका सॉ मिलने उभी विकत घेऊन तोडायला ठेकेदाराला दिली होती, पण मिलमालक ‘माणूस माझा नाही’ म्हणून हात वर करतो. मला काही मिळेल का?

उत्तर : तुम्हाला भरपाई मागण्याचा पूर्ण हक्क आहे आणि सही केलेल्या त्या कागदामुळे तो संपलेला नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण त्या सहीच्या ओझ्याखाली तुम्ही इतके दिवस गप्प बसलात, असे तुमच्या पत्रावरून जाणवते.

तुमचे प्रकरण कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ याखाली येते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असली, तरी तुमचा अपघात त्याआधीचा असल्याने तुमचा हक्क जुन्या कायद्याखालीच निर्माण झालेला आहे. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत झाडे तोडण्याचे आणि ओंडके काढण्याचे काम नाव घेऊन नमूद आहे. हजेरीपटावर नाव नसणे किंवा मजुरी टनावर असणे यामुळे तुम्ही कायद्याबाहेर जात नाही, आणि काम तात्पुरते होते ही सबबही आता चालत नाही, कारण नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले आहेत.

‘चूक तुझीच’ या म्हणण्याला उत्तर कलम ३ मध्ये आहे. कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होऊ शकत नाही. कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला आदेश किंवा नियम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा मालकाने पुरवलेले सुरक्षा साधन जाणूनबुजून काढून टाकले किंवा डावलले, तरच जबाबदारी टळू शकते, आणि ते सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. तुमच्या बाबतीत साधन कामगाराने काढलेले नाही, ते तुटलेले होते आणि दुरुस्त करून देण्याचे काम ठेकेदाराचे होते. तो गार्ड म्हणजे निव्वळ आडोसा नसतो. पात्याचे टोक अडकून मशीन मागे उसळते, तेव्हा मनगट त्या गार्डवर आदळून तो पुढे ढकलला जातो आणि चेन ब्रेक लागून साखळी क्षणार्धात थांबते. गार्ड तुटला की हाताचे संरक्षण जाते आणि ब्रेक लावणारा खटकाही जातो. अर्जात ही गोष्ट नीट समजावून लिहिली पाहिजे, कारण सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने असे मशीन कधी हातात धरलेले असेलच असे नाही.

खरी अडचण मला दवाखान्याच्या कागदाची वाटते. ‘घरी कोयता लागला’ ही नोंद समोरची बाजू पहिल्याच तारखेला पुढे करील. तरीही ती अखेरची नाही, कारण जखम कशाने झाली हे जखमेच्या वर्णनावरूनही कळते. कोयत्याचा वार सरळ, स्वच्छ कडांचा असतो. साखळी-करवतीचे दात मांस कापत नाहीत, ते फाडत जातात, त्यामुळे कडा चिंधडलेल्या असतात, हाडाचे बारीक तुकडे झालेले असतात आणि जखमेत भुसा व साखळीचे तेल सापडते. केसपेपरच्या पहिल्या पानावर कोणी काहीही सांगून लिहवले असले, तरी शस्त्रक्रियेच्या नोंदीत डॉक्टर स्वतः पाहिलेले लिहितो. म्हणून शस्त्रक्रियेची नोंद, क्ष-किरण चित्रे आणि डिस्चार्ज कार्ड यांची लेखी मागणी आजच करा. डॉक्टरांसाठी असलेल्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. ही कागदपत्रे किमान ३ वर्षे जपून ठेवण्याचे बंधन असते, त्यापुढे ती मिळतीलच याची शाश्वती नाही.

सही केलेल्या कागदाबद्दल बोलायचे, तर मालकाची जबाबदारी काढून टाकणारा किंवा कमी करणारा करार कलम १७ नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. शिवाय भरपाईबाबत तडजोड झाली, तर तिचे निवेदन भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे असे दावे ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवून नोंदवून घ्यावे लागते. ते पाठवले नसेल, तर कलम २९ प्रमाणे मालक पूर्ण भरपाई देण्यास बांधील राहतो आणि आयुक्तांनी वेगळे सांगितल्याशिवाय दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजाही करू शकत नाही. म्हणजे चाळीस हजारांपैकी फार तर वीस हजार वजा होतील. उचलीचे पंचवीस हजार भरपाईतून वळते करून घेता येणार नाहीत, कारण भरपाईच्या रकमेवर जप्ती किंवा वजावट चालत नाही, असे कलम ९ सांगते.

आता आकडा पाहू. पहिल्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गमावल्यास १४ टक्के कमाईक्षमता गेली असे धरले जाते. एकाच अपघातातील दुखापतींची बेरीज होते, म्हणजे ४४ टक्के. मासिक वेतन कायद्याच्या मर्यादेनुसार १५,००० रुपयांपर्यंतच धरता येते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, आणि ३५ पूर्ण वयासाठीचा गुणक १९७.०६, त्यामुळे पूर्ण अपंगत्वाची रक्कम १७,७३,५४० होते आणि तिचे ४४ टक्के म्हणजे सुमारे ७,८०,३५८ रुपये. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय मिळतो. रक्कम देय झाल्यापासून महिनाभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

टनावरची मजुरी महिन्यात कशी बसवायची, याकडे नीट लक्ष द्या. पावसाळ्यात तोड बंद राहते आणि १४ दिवसांहून अधिक खंड पडला की सेवा सलग मानली जात नाही. म्हणून पावसाळ्यानंतर ज्या दिवशी काम सुरू झाले, तिथपासून अपघातापर्यंतची एकूण कमाई घेऊन तिला त्या काळातील दिवसांनी भागायचे आणि ३० ने गुणायचे. खात्यावर आलेले पैसे, वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो, टोळीतल्या कोणाच्या वहीतली टनांची नोंद, असे जे असेल ते गोळा करा.

४४ टक्क्यांवर मात्र थांबू नका, असा माझा आग्रह आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस दिलेल्या एका निकालात, डावा हात गमावलेला सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण धरले होते. तुमचा डावा हात करवतीची पुढची मूठ धरणारा हात आहे. अंगठ्याने वेढा घालता येत नसेल, तर उसळणारे मशीन आवरणार कसे? तुमची इतर कामे करण्याची ताकद किती उरली, हेही तपासले जाईल, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळेलच असे आश्वासन मी देत नाही, पण मागणी तीच असावी. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही नेमके काय काम करत होता ते सांगा आणि शारीरिक अपंगत्वाच्या टक्क्यांसोबत कमाईक्षमता किती घटली हेही लिहून मागा.

मिलमालकाचे हात वर करणे कलम १२ पुढे टिकणे कठीण आहे. आपल्या धंद्याचे नेहमीचे काम ठेकेदाराकडून करून घेणारा, त्या कामावरील मजुराच्या भरपाईला स्वतःही जबाबदार असतो. उभी झाडे घेऊन तोडवणे हा मिलच्या धंद्याचाच भाग आहे, असे दाखवता आले पाहिजे. सौद्याची चिठ्ठी, तोडीचा परवाना आणि लाकूड नेलेल्या गाडीचा क्रमांक यासाठी उपयोगी पडतील. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा.

ठेकेदाराला आणि मिलमालकाला लेखी नोटीस पाठवून त्यात अपघाताची तारीख, दुखापत, मागणी आणि ते मशीन जसेच्या तसे जपून ठेवण्याची सूचना लिहा. गार्ड तुटलेला असतानाचा एखादा फोटो टोळीतल्या कोणाच्या मोबाईलमध्ये असेल, तर मूळ फाइल सांभाळून ठेवायला सांगा. सोबती आजही त्याच ठेकेदाराकडे कामाला असतील, तर त्यांच्यावर आता प्रतिज्ञापत्रासाठी दबाव आणू नका, कारण साक्षीदारांना समन्स काढण्याचा अधिकार आयुक्तांना आहे आणि समन्सने आलेल्या माणसाला ‘मी स्वतःहून गेलो नाही’ असे म्हणता येते.

अर्ज अपघातापासून २ वर्षांच्या आत, म्हणजे फेब्रुवारी २०२७ मधील त्याच तारखेपूर्वी, दाखल व्हायला हवा, आणि तो तुम्ही राहता त्या भागातील आयुक्तांकडेही करता येतो. वकिलाच्या खर्चासाठी थांबू नका. तुमच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केल्यास १९८७ च्या कायद्यानुसार, अपंगत्व आलेली व्यक्ती म्हणून, तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. जाताना दवाखान्याची कागदपत्रे, वयाचा दाखला आणि तो सही केलेला कागद किंवा त्याचा फोटो सोबत न्या.