वाचकांचे प्रश्न: शाळा ग्रीन करायची तर आधी वर्गाचं तोंड कुठे आहे ते बघा

या वेळी टपालात आणि ईमेलवर शाळांच्या इमारतींबद्दलची पत्रं खूप आली. कारण उघड आहे, २०२५ साली गोव्यात माध्यमिकचे वर्ग एप्रिलातच सुरू झाले आणि घामाने भिजून घरी येणारी पोरं सगळ्यांनी बघितली. पाच पत्रं निवडलीयत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्या शाळेच्या हातात अजून वेळ आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. आमच्या हायस्कूलची जुनी इमारत मोडून त्याच जागी नवी दोन मजली बांधायची ठरलंय. डोंगराच्या उतरणीवरची जागा आहे, बांधकाम साधारण ३,००० चौरस मीटर. मॅनेजमेंटमध्ये कोणी म्हणतं ग्रीन बिल्डिंगचं आयजीबीसीचं सर्टिफिकेट घेऊया, कोणी गृहा म्हणतं, एकजण लीडच पाहिजे म्हणून अडून बसलाय. ड्रॉइंगमध्ये सगळे वर्ग रस्त्याकडे म्हणजे पश्चिमेला तोंड करून आहेत. कुठलं घ्यावं? (शाळा व्यवस्थापनातले एक सदस्य, फोंडा तालुका)

नमस्कार. सर्टिफिकेटचं नंतर बोलू, आधी ते ड्रॉइंग थांबवा. अगदी उद्याच आर्किटेक्टना फोन करा.

आपल्याकडे पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त मार खाते, दुपारनंतरचं ऊन तिच्यावर, आणि जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून येणारा झोडपणारा पाऊसही तिच्यावरच. त्या बाजूला वर्गांच्या खिडक्या ठेवल्या की दुपारी मुलं पडदे ओढणार, पडदे ओढले की काळोख म्हणून लाइटी लावणार, वारा बंद म्हणून पंखे पाचवर, आणि पावसात खिडक्या बंद ठेवूनही आत पाणी येतंच, मग भिंतीला ओल आणि बुरशी. पुढे त्यावर कितीही सोलर लावा, ही चूक इमारत उभी आहे तोवर दर महिन्याच्या बिलात दिसत राहते.

इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे वर्गांच्या खिडक्या उत्तरेला आणि दक्षिणेला येतील. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे, इथे डिसेंबरातही दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला ५१ अंशांवर असतो, म्हणजे बराच वर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर एक मीटर छज्जा काढला की खाली जवळजवळ सव्वा मीटरपर्यंत सावली मिळते, खिडकी झाकली गेली. मे महिन्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य जरासा उत्तरेकडून येतो पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावरच असतो, तिथे छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेचा सूर्य मात्र खाली उतरून थेट आत घुसतो, त्याला छज्जा अडवू शकत नाही. म्हणून त्या टोकाला जिना, टॉयलेट, स्टोअर असं काहीतरी ठेवा आणि बाहेर झाडं लावा, किंवा असलेली ठेवा. मोठी झाडं तोडायला तसंही १९८४ च्या झाडं राखण्याच्या कायद्याखाली परवानगी लागतेच, तेव्हा झाडांच्या जागा आधी नकाशावर मांडून घ्या आणि मग इमारत बसवा, उलट नको.

आता तुम्ही म्हणाल की वारा पश्चिमेकडून येतो, मग खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवून कसं चालेल. चालतं. वारा खिडकीवर सरळ आपटायला हवा असं नाही, तिरका आला तरी आत शिरतो, फक्त त्याला बाहेर पडायला समोरच्या भिंतीत तेवढीच किंवा जास्त मोठी वाट पाहिजे. उन्हाळ्यातला दुपारचा समुद्रावरचा वारा वायव्येकडूनच येतो, तो उत्तरेच्या खिडकीला तिरका मिळतो. घात होतो तो एका बाजूला वर्ग, मध्ये बंद कॉरिडॉर, दुसऱ्या बाजूला वर्ग अशा आखणीत, कारण तिथे वाऱ्याला पलीकडे जायला रस्ताच नसतो. एका रांगेत वर्ग, बाजूला मोकळा व्हरांडा आणि भिंतीत छताजवळ झरोके, ही जुनी रीत दमट हवेत अजून तितकीच चालते. आपल्या जुन्या घरांत राजांगण म्हणजे मधलं उघडं अंगण, उतरतं मंगळुरी कौलांचं छप्पर आणि सोपा उगाच नव्हते. आर्किटेक्टना दाखवायला उदाहरणं हवी असतील तर समितीला एकदा पर्वरीजवळ तोर्ड्याला आर्किटेक्ट जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेल्या हाउसेस ऑफ गोवा म्युझियमला घेऊन जा, चिऱ्याचं काम आणि सावली दोन्ही बघायला मिळेल.

चिरे म्हणजे जांभा दगड वापराच, लांबून ट्रकने काही आणायची गरज कमी होते. पण दोन गोष्टी आहेत. चिरा पाणी पितो, त्यामुळे पावसाच्या तोंडावरची भिंत उघडी ठेवायची असेल तर तिच्यावर छप्पर चांगलं बाहेर आलेलं पाहिजे, आणि जोतं उंच पाहिजे. दुसरं, चिरे परवानगीच्या खाणीतले आहेत याची रॉयल्टीची पावती मागा. बेकायदा खाणीने कोणाचा तरी डोंगर पोखरून आलेल्या चिऱ्यांची शाळा मुलांना ग्रीन म्हणून दाखवायची, हे मला पटत नाही.

आता सर्टिफिकेट. आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, सीआयआय या उद्योगांच्या संघटनेची, २००१ साली सुरू झालेली, ऑफिस हैदराबादला. त्यांचं शाळांसाठी वेगळं ग्रीन स्कूल्स रेटिंग आहे, त्यात इमारतीबरोबर मुलांचं आरोग्य आणि पर्यावरणाचं शिक्षण पण मोजतात. गृहा हे टेरी ही दिल्लीची ऊर्जा-पर्यावरणावरची संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून केलेलं, एक ते पाच स्टार देतं, आणि २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामासाठी त्याचं सोपं रूप आहे, स्वगृहा. तुम्ही ३,००० वर आहात म्हणून तुम्हाला पूर्ण गृहा लागेल. लीड अमेरिकेतलं, सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या. परदेशातले देणगीदार किंवा इंटरनॅशनल बोर्ड असेल तर त्याला अर्थ आहे, आपल्या साध्या अनुदानित हायस्कूलला मी सुचवणार नाही. पण त्यातली एक अट सर्टिफिकेट न घेताही उचला: रिकाम्या वर्गात पंखे-एसीचा आवाज ४० डेसिबलच्या वर जाता नये. मास्तरांचा घसा आणि शेवटच्या बाकावरच्या पोराचे कान दोन्ही वाचतात.

माझा कल गृहाकडे आहे, कारण आपल्या हवामानात मशिनं न लावता इमारत थंड कशी राहील याला त्यात चांगली किंमत आहे. आयजीबीसी घेतलंत तरी काही बिघडत नाही. जे घ्याल त्याचं रजिस्ट्रेशन मात्र पाया खणायच्या आधी करा, कारण काही गुण फक्त बांधकाम चालू असतानाच मिळतात. उदाहरणार्थ वरची सुपीक माती खरवडून बाजूला झाकून ठेवणं, उतरणीवर असल्यामुळे पावसात माती वाहून खालच्या शेतात जाऊ नये म्हणून चर मारणं, त्याचे तारखेसकट फोटो. इमारत झाल्यावर सर्टिफिकेट घेऊया म्हणणाऱ्यांचे हे गुण कायमचे गेलेले असतात. आणि कंत्राटदाराच्या करारात हे सगळं लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं साइटवर कोणी करत नाही.

प्रश्न: आमच्या शाळेच्या स्लॅबवर गळतीसाठी पत्रे घातले. गळती थांबली पण वरच्या मजल्यावर पावसात शिकवलेलं काही ऐकू येत नाही आणि एप्रिलात भट्टी. (शिक्षिका, पेडणे)

बाई, हे गोव्यातल्या अर्ध्या इमारतींचं दुखणं आहे. पत्रा स्लॅबला अगदी जवळ बसवला असेल आणि चारी बाजू बंद केल्या असतील तर मधली गरम हवा अडकते. दोन्ही टोकांना उघडी जागा ठेवा, पक्षी शिरू नयेत म्हणून जाळी मारा, म्हणजे गरम हवा वाहून जाईल. आवाजासाठी खालून इन्सुलेशन चिकटवलेला पत्रा मिळतो, बदलायची वेळ आली की तोच घ्या, रंग पांढरा किंवा फिका. नवीन बांधणाऱ्यांनी मात्र सपाट स्लॅब आणि मग वर पत्रे असा दुहेरी खर्च करूच नये, उतरता स्लॅब आणि त्यावर कौलं, पाणी, ऊन आणि आवाज तिन्हीवर एकच उपाय होतो. आणि जुने सिमेंटचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर सुट्टीत गड्यांकडून फोडून घेऊ नका, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते, ओले करून अख्खे उतरवावे लागतात आणि विल्हेवाट घातक कचरा म्हणून करावी लागते.

प्रश्न: एवढा पाऊस पडतो तर शाळेने पावसाचं पाणी साठवून वर्षभर वापरावं असं पालक सभेत ठरलं. ५०० मुलं आहेत. जमेल का? (पालक-शिक्षक संघ, केपे)

वर्षभर नाही जमणार, पण चार महिने नक्की जमेल, आणि तेही कमी नाही. हिशेब असा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर धरा, छप्पर १,००० चौरस मीटर, म्हणजे ३० लाख लिटर, त्यातलं ८० टक्के हाती लागलं तरी २४ लाख. ऐकायला भरपूर वाटतं. दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर धरतात, त्यातले २० फ्लशला, म्हणजे तुमच्या ५०० मुलांना दिवसाला २२,५०० लिटर. एवढं पाणी मेपर्यंत पुरवायचं तर जी टाकी लागेल तिच्या पैशात दोन वर्ग बांधून होतील. म्हणून ५०,००० लिटरची टाकी करा आणि ते पाणी फक्त फ्लशला जोडा. दिवसाला १०,००० लागतात, पाच दिवस पाऊस नाही आला तरी चालतं, आणि पावसाळ्यात पाच दिवस कोरडे क्वचितच जातात. पन्हळीला पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायचा वॉल्व्ह मात्र पाहिजेच.

उरलेलं पाणी विहिरीत सोडा, गाळून. इथे थोडी सावधगिरी हवी, जांभा दगड सच्छिद्र आहे, पावसात जमीन आधीच भरलेली असते, मुरवलेलं पाणी बऱ्याचदा खालच्या झऱ्याला निघून जातं. मे महिन्यात विहिरीची पातळी दोरीने मोजून लिहून ठेवा, दोन-तीन वर्षं, मग फायदा होतोय का ते कळेल. याच सच्छिद्रपणामुळे सोकपिट, म्हणजे टॉयलेटचं पाणी मुरवायचा खड्डा, विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूलाच पाहिजे, हे पावसाच्या पाण्यापेक्षाही आधी तपासा.

प्रश्न: मुलीच्या शाळेने सगळे वर्ग एसी केले आणि आता माहितीपत्रकात ग्रीन कॅम्पस लिहिलंय, छतावर सोलर आहे म्हणून. हे बरोबर आहे का? (एक आई, मडगाव)

सोलर चांगलंच आहे. १० किलोवॉटला साधारण १०० चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४० युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी, आणि मेच्या सुट्टीत शाळा बंद असताना तयार झालेली वीज नेट मीटरिंगने, म्हणजे दिलेली युनिट बिलातून वजा करून, ग्रिडला देता येते. पण त्याने बंद वर्गाची हवा सुधारत नाही. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, ४० मुलं दार-खिडक्या बंद करून बसली की पंधरा-वीस मिनिटांत तो १,००० च्या वर जातो, मग सुस्ती, डोकं जड. तुम्ही पालक-शिक्षक संघात एवढंच मागा की एका वर्गात कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावून आठवडाभराचे आकडे पालकांना दाखवा. आणि ग्रीन कोणी ठरवलं, कुठल्या रेटिंगमध्ये, कुठल्या वर्षी, तेही विचारा. सर्टिफिकेट असेल तर त्याच्यावर हे सगळं छापलेलं असतं, ते दाखवायला कोणाला अडचण असायचं कारण नाही.

प्रश्न: आमची सरकारी प्राथमिक शाळा, दोन खोल्या, पैसे नाहीत, सर्टिफिकेट तर लांबच. आम्ही काय करणार? (शिक्षक, सत्तरी)

सर, तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचा ग्रीन स्कूल्स प्रोग्रॅम आहे, त्यात मुलंच स्वतःच्या शाळेचं ऑडिट करतात: हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी, कचरा. त्याला बांधकाम लागत नाही. गळक्या नळाखाली बाटली लावून तासाभरात किती पाणी गेलं ते चौथीतलं पोरसुद्धा मोजून पूर्ण दिवसाचा गुणाकार करतं. माध्यान्ह आहारातलं उरलेलं रोज वजन करून फळ्यावर लिहा, आणि भाजीच्या साली झाडाखालच्या खड्ड्यात.

पंचायतीकडून किंवा आमदारांकडून थोडे पैसे मिळाले तर आधी पंखे बदलून घ्या. जुना पंखा ७५ वॉटपर्यंत खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० ते ३५. एका वर्गातले चार पंखे, दिवसाला सहा तास, वर्षाला २०० दिवस धरले तर एका खोलीमागे १९० च्या आसपास युनिट वाचतात. त्यानंतर छपराची दुरुस्ती, गणेश चवथीच्या सुट्टीत नको, तेव्हा पाऊस असतो, एप्रिल-मेमध्ये फुटकी कौलं बदला आणि दर चार-पाच ओळींनंतर एक काचेचं कौल बसवा, ढगाळ दिवशीही फळा दिसेल. पश्चिमेच्या खिडकीसमोर एखादं कोकमाचं झाड लावा, ते वर्षभर हिरवं राहतं आणि फार पसरत नाही. रोप बहुतेक गावातच कोणाकडे तरी मिळेल.